वहिनी पाहुण्यांचं बघतील

कन्यादान हे सर्व दानांत श्रेष्ठ दान आहे. सुट्टीत गावी गेलं की मंगल कार्यालयांच्या भिंतींवर हे वाक्य मी वाचत आले आहे. त्याच भिंतीवर जरा खाली 'चपला आपापल्या जबाबदारीवर ठेवाव्यात' असंही लिहिलेलं असतं. या दोन वाक्यांपैकी अनुभवाला उतरलेलं मी एकच पाहिलं आहे.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी दुबईत एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात होते. प्रबंधाचा विषय होता उष्ण हवेत काँक्रीटला पडणाऱ्या भेगा. सिलिकॉन ओएसिसमध्ये आम्ही काही मुली एका फ्लॅटमध्ये दाटीवाटीने राहत होतो. माझा होणारा नवरा मूळचा रत्नागिरीचा. तो दोन इमारती सोडून राहत होता आणि नुकताच नोकरीला लागला होता. कायद्याचं लग्न आम्ही अबुधाबीच्या कोर्टात करून आलो होतो. तिथे त्यांनी पासपोर्ट पाहिले, सह्या घेतल्या, अभिनंदन केलं. कोण कोणाला कोणाचं दान करतंय हे कोणीही विचारलं नाही. मला ते लग्न फार आवडलं. पण त्याच संध्याकाळी रत्नागिरीहून सासूबाईंचा फोन आला, "कोर्टाचं झालं ते बरं झालं. आता लग्न कधी करताय?"

दोघांची शिल्लक एकत्र केली. तिच्यात एखाद्या बऱ्या हॉलचं फार तर अर्धं भाडं निघालं असतं, म्हणजे नवरदेव आत आणि नवरी पार्किंगमध्ये. तेव्हा काकांनी बोलावलं.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. बाबा रास अल खैमाच्या एका सिरॅमिकच्या कारखान्यात भट्टीवर होते. काका गावाहून पहिल्यांदा इकडे आले तेव्हा आमच्याच हॉलमध्ये गादी टाकून झोपायचे आणि आईने भरलेला डबा घेऊन नोकरी शोधायला जायचे. पुढे बाबा गेले. मी शाळेत होते. आई एका टाइल्सच्या शोरूममध्ये हिशेब आणि ऑर्डरी बघायला लागली. काका मात्र कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये चढत गेले. लोकांची जुनी बाथरूम फोडून नवी करून देणं हा त्यांचा धंदा. त्यावर त्यांनी दुबई मरीनाला फ्लॅट घेतला. गॅलरीतून खालच्या यॉट दाखवताना ते अशा सुरात बोलतात की नवख्याला वाटावं, चाव्या त्यांच्याच खिशात आहेत.

"हॉलचं मी बोललोय," काका म्हणाले. "फाइव्ह स्टार. पन्नास हजार दिरहम." मग थोडं थांबून, "म्हणजे बारा लाख."

काका कुठलीही रक्कम आधी दिरहममध्ये सांगतात आणि मग रुपयांत. मधल्या शांततेत ऐकणाऱ्याने दडपून जाण्याची तयारी करायची असते.

"काका, एवढं कशाला?"

"अगं, माझे क्लायंट येणार. पुढच्या रांगेत सोफे लागतील. आधी त्यांचे सत्कार, शाल-नारळ, दोन-दोन शब्द बोलतील. मग मंगलाष्टकं."

"तोवर आम्ही हार धरून उभे?"

"फोटो छान येतात तसे," काकू म्हणाली.

"आणि कन्यादानाला मी आणि काकू बसू. तू कसलंच टेन्शन घेऊ नको."

"आणि आई?"

"वहिनी आहेतच की," काका खजुराची बशी माझ्यापुढे सरकवत म्हणाले. "वहिनी पाहुण्यांचं बघतील."

हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मी एक खजूर उचलला. तो तोंडात असतानाच वाक्य नीट कळलं. आपल्याकडे सुधारकांच्या तसबिरींना दरवर्षी हार घालतात. फक्त हार घालायला सवाष्ण बोलावतात. काका त्याच परंपरेतले. वाईट माणूस नाही. आईच्या हातची आमटी अजून वाटीने पितात, आणि तिचा हात शुभकार्यात मात्र लागू नये अशी व्यवस्थाही प्रेमानेच करतात.

"नको, काका."

"काय नको?"

"हॉल."

"बजेटचं म्हणतेस? मी देतोय ना!"

"म्हणूनच नको. कन्यादानाला आई बसेल."

काकांनी काकूकडे पाहिलं. काकूने यॉटकडे पाहिलं.

"हबीबी," काका म्हणाले. साइटवर कोणी काम अडवलं की ते हा शब्द काढतात. "अगं, जगात असं करतात का? आणि हॉल नाही तर लग्न करणार कुठे? मेट्रो स्टेशनात?"

"तिथे एसी चांगला असतो," मी म्हटलं आणि निघाले.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो इंजिनिअर असल्यामुळे प्रश्न सोडवायच्या ऐवजी काढून टाकायला बघतो.

"मग कन्यादानच नको करायला. तुला तसंही पटत नाही. तू काय वस्तू आहेस?"

"नाही पटत. विधी फालतू आहे हे मान्य. पण फालतू विधीतूनसुद्धा आईला वगळायचं हे मला मान्य नाही."

"ह्यात लॉजिक नाही."

"नाहीच आहे. हट्ट आहे."

"बरं," तो म्हणाला. "हट्टाला जागा किती लागेल? म्हणजे माणसं किती?"

याच कारणासाठी मी त्याच्याशी लग्न करत होते.

खरी अडचण काका नव्हते. खरी अडचण आई होती. शनिवारी मी रास अल खैमाची बस पकडली. जाण्याआधी गुरुजींना फोन केला. हे गुरुजी आठवडाभर एका कार्गो कंपनीत काम करतात आणि सुट्टीच्या दिवशी सत्यनारायण. त्यांनी सांगितलं की कन्यादान कोणी करावं याचा क्रम शास्त्रात दिलाय. आधी वडील, मग आजोबा, भाऊ, घराण्यातला कोणी, आणि शेवटी आई. "शेवटी का होईना, पण आहे," ते म्हणाले. मी खूश झाले. आई मेथी निवडत बसली होती, तिच्यासमोर मी हा क्रम विजयाने वाचून दाखवला.

"आई शेवटी आहे ना?" ती म्हणाली. "मग काका आधी आले."

शास्त्राचा आधार घेतला की असं होतं. ते समोरच्यालाही कळतं.

"तू बसणार की नाही ते सांग."

"मी कशी बसणार गं? लोक नावं ठेवतील. तुझ्या सासरचे काय म्हणतील? काका एवढं करतायत तर करू दे. बाबांच्या माघारी तेच आहेत आपल्याला."

"ते करतायत, हो. आणि तुझं कामही त्यांनी ठरवलंय."

"कसलं काम?"

हे मी सांगणार नव्हते. पण क्रम हरला होता आणि माझ्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं. "ते म्हणाले, वहिनी पाहुण्यांचं बघतील."

आईने हातातली काडी मोडली. पानं एका बाजूला, देठ दुसऱ्या बाजूला. पुढची काडी उचलली, तीही मोडली.

"असं म्हणाले?"

"हो."

जुडी संपली. देठ कागदात गुंडाळत ती म्हणाली, "रविवारी शोरूम बंद असतं. चावी माझ्याकडे असते."

शोरूमचे शेठ गुजराती. त्यांना आईने विचारलं तेव्हा ते एका क्षणात तयार झाले. "मॅडम, संडे को तो खाली ही पड़ा है. बस, मॅट फिनिश पे हल्दी का दाग नहीं गिरना चाहिए. वो निकलता नहीं." लग्नाला लागलेली ही एकमेव अट. ती मी आजवर ऐकलेल्या सगळ्या लग्नाच्या अटींपेक्षा शहाणी होती.

जागा बघायला आई, नवरा आणि मी शेठबरोबर फिरलो. टाइल्सच्या शोरूममध्ये लग्न लावण्यातली अडचण ही की जिकडे तोंड करावं तिकडे बाथरूम असतं. पूर्वेला कमोड होते. पश्चिमेला बेसिनांची रांग. अखेर एक कोपरा सापडला. पांढऱ्या संगमरवरासारखी भिंत, वर झुंबर, मधोमध शॉवरची सोनेरी कमान. शेठ म्हणाले, "ये लो. इटालियन लुक है." नवऱ्याने नळ फिरवून पाहिला. पाणी येत नव्हतं. ठरलं.

बाकीचं जमत गेलं. जेवण शारजाच्या एका बाईंकडून आलं, मसालेभात, मठ्ठा, जिलबी. त्यांनी आईच्या ओळखीखातर भाव पाडला आणि जिलबी मोजून दिली. छतावर धुराचे सेन्सर होते, म्हणून होम मागच्या आवारात करायचा ठरला, जिथे ट्रक लागतात. शालू मैत्रिणीचा. मुंडावळ्या तिच्या बहिणीच्या. माझ्या मालकीचा त्या दिवशी एक प्रबंध होता, तोही अपुरा.

फक्त आई बसणार की नाही, हे ती सांगेना. विचारलं की "बघू" म्हणायची. शोरूम तिने दिलं, कागदी प्लेटा, फुलं, डबे, सगळं तिने ठरवलं. पाटावर बसायचं म्हटलं की "बघू".

रविवारी बाबांचे जुने सोबती आधी आले. भट्टीवरची कोकणातली माणसं, कंपनीच्या खोल्यांत राहणारी. त्यांनी येताच टाइल्सची खोकी ओळीने मांडून बसायची सोय केली. खुर्च्या भाड्याने आणायचा प्रश्न मिटला. सासूबाई रत्नागिरीहून व्हिडिओ कॉलवर होत्या. काका येतील की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. ते आले, फेटा बांधून आले. काकू पैठणीत. मागून त्यांची लेक, कानांतले इयरफोन काढत.

"डॅड, धिस इज लिटरली अ बाथरूम."

"शोरूम आहे, बेटा," काका म्हणाले. त्यांना ते परकं नव्हतंच. त्यांचा निम्मा माल इथूनच जातो. सवयीने त्यांनी एका बेसिनवरची किंमत वाचली, मान हलवली. मग मला हळूच, "सोफा कुठे आहे?"

"खोकी आहेत, काका. कुठल्याही खोक्यावर बसा. भाव वेगळे आहेत, उंची सारखीच आहे."

ते बसले. फेट्यामुळे त्यांचं डोकं एका शॉवरला लागत होतं, पण ते सरकले नाहीत.

मंगलाष्टकं झाली. सत्कार झाले नाहीत. हार आम्ही लगेच घातले. मग गुरुजींनी सवयीने हाक दिली, "वधूचे आई-वडील पुढे या." आणि ते थांबले. मीही थांबले. काका उठायला लागले. काकूने पदर सावरला.

आई हिशेबाच्या काउंटरपाशी होती, कागदी प्लेटा वेगळ्या करत. तिने लाल काठांची हिरवी साडी नेसली होती. बाबा गेल्यापासून ती साडी मी तिच्या अंगावर पाहिली नव्हती. डांबराच्या गोळ्यांचा वास अजून गेला नव्हता. तिने प्लेटा खाली ठेवल्या, हात पुसले आणि सरळ चालत आली.

"भावजी," ती म्हणाली, "तुम्ही पाहुण्यांचं बघा."

आवाज चढवला नव्हता. ऑर्डर सांगताना बोलते तशी बोलली. काका अर्धे उठलेले, अर्धे बसलेले. अशा वेळी माणसाला कोणीतरी काम द्यावं लागतं.

"अहो," काकू म्हणाली, "मठ्ठा कोणी वाटतच नाहीये."

काकांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा मठ्ठ्याच्या पातेल्याकडे. फेटा नीट केला. "यल्ला, चला," ते भट्टीवाल्यांकडे वळून म्हणाले, "मठ्ठा कोणाला हवाय?" आणि खरंच वाटायला लागले. चांगला वाटला. सांडला नाही.

गुरुजींकडे पाट दोनच, आणि त्यांवर आम्ही. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. आई खोक्यांच्या थप्पीपाशी गेली, लेबलं वाचत पुढे सरकली, एका खोक्यावर बोट ठेवलं. बाबांच्या सोबत्यांपैकी दोघांनी ते उचलून आणलं. ती बसली. तिच्या शेजारी, जिथे बाबा बसले असते तिथे, गुरुजी सुपारी ठेवायला लागले.

"यजमानांच्या जागी," ते समजावत म्हणाले.

"राहू दे, गुरुजी," आई म्हणाली. "ते सुपारी खात नव्हते."

सगळ्यात आधी भट्टीवाले हसले. त्यांना माहीत होतं. मग गुरुजी हसले आणि सुपारी परत पिशवीत टाकली. आईने माझ्या हातावर पाणी सोडलं. विधी मला अजूनही पटत नाही. त्या दिवशी मी तो शेवटपर्यंत केला, एकही ओळ न गाळता.

फोटो गावी गेले तेव्हा सगळ्यांनी विचारलं की हा कुठला राजवाडा. काकांनी सांगून टाकलं, रास अल खैमाला डेस्टिनेशन वेडिंग होतं. मी ते खोडून काढलं नाही. आम्ही तिथलेच, एवढाच फरक. शेठनी आमचा एक फोटो शोरूमच्या जाहिरातीला वापरला, खाली सोनेरी कमानीची किंमत टाकून.

आई ज्या खोक्यावर बसली होती त्यात बाथरूमच्या, पाय न घसरणाऱ्या टाइल्स होत्या. सोमवारी सकाळी ते डिलिव्हरीला गेलं. दुबई मरीना, काकांची साइट.