गराजमधलं चीज आणि आईचं नाक

बेल्जियममधल्या हर्व नावाच्या भागात एक चीज बनतं. साबणाच्या वडीएवढं, नारिंगी, चिकट पाठीचं. त्याचा वास कसा, तर आठवडाभर बुटात राहिलेल्या ओल्या मोज्यांसारखा. आणि चव विचाराल तर दाट, खारट, शेवटी किंचित गोड. आमच्या ऑफिसातल्या एका बेल्जियन बाईनं मला त्याची चटक लावली. काळ्या पावावर चीजचा जाड काप ठेवायचा आणि वरून पेअरचा रस आटवून केलेला काळा पाक सोडायचा. हा पाक म्हणजे आपल्या काकवीचा सख्खा भाऊच. शिकागोतल्या एका दुकानात ते मिळायचं. मी अधूनमधून आमच्या नेपरव्हिल या उपनगरातून ट्रेननं जाऊन एक वडी आणायचे. परतीच्या प्रवासात माझ्या शेजारची सीट कायम रिकामी राहायची.

घरात मात्र त्याला थारा नव्हता. "एक तर हे, नाहीतर मी," असं नवऱ्यानं बजावलं होतं. म्हणून वडी गराजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असायची. भर थंडीत कोट घालून, लॉनमोवरशेजारी उभ्यानं मी ते खाल्लंय. त्या चवीपुढे कुणाची भीड बाळगणं शक्यच नव्हतं.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात आई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आली आणि मी गराजमध्ये जाणंही बंद केलं. आईचं नाक आमच्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होतं. केकमध्ये अंडं आहे हे ती खोका उघडायच्या आधी सांगायची. बाबांनी सिगरेट सोडली ती डॉक्टरांच्या नव्हे, आईच्या नाकाच्या धाकानं. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, पण आमटीत मीठ कमी आहे हे तिला नुसत्या वाफेवरून कळायचं. देवाच्या आधी वास घेतलेला कसा चालतो, असं मी एकदा चिडवलं होतं. "मी घेत नाही, तो आपणहून येतो," हे तिचं उत्तर.

आल्यापासून तिची एकच तक्रार होती. इथल्या मोगऱ्याला वास नाही, कोथिंबिरीला वास नाही, बासमतीला तर नाहीच नाही. आम्ही सगळ्यांनी जोरजोरात माना डोलावल्या. अमेरिकेत आलेल्या कुठल्याही मराठी माणसाचं पहिलं वाक्य हेच असतं. रविवारी जेवायला आलेल्या शेजारच्या मराठी काकूंनीसुद्धा तिचीच री ओढली, "कशालाच वास नाही हो इथे, सगळं नुसतं दिसायला!" नवरा म्हणाला, "आई, सगळं हायब्रिड असतं यार इथे." सासूला यार म्हटल्याबद्दल मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि विषय तिथेच संपला.

मग एकदा दूध करपलं. इथलं दूध तापवावं लागत नाही, हे आईला कधीच पटलं नाही. ती शेगडीपासून दोन हातांवर शब्दकोडं सोडवत बसली होती. पातेलं काळं पडलं, धूर छताला लागला, छतावरचा धुराचा भोंगा किंचाळला, तेव्हा ती दचकून उठली. "तुमच्या शेगड्यांचा काही भरवसा नाही," ती म्हणाली. मी वरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होते. तो वास मला दार बंद असतानाही आला होता. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण पातेलं घासण्यात मी तिचा आवाज दाबून टाकला.

त्यानंतर आमटी कडू लागायला लागली. "इथला हिंग अगदीच पुळचट," असं म्हणत आई चमच्यानं हिंग घालत होती. आम्ही मुकाट्यानं जेवत होतो.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी नवरा गावाबाहेर होता आणि आई माझ्या मुलीला घेऊन पार्कात गेली होती. मी खिडक्या सताड उघडल्या, पंखा लावला आणि कितीतरी आठवड्यांनी गराजमधलं ते चीज चक्क जेवणाच्या टेबलावर मांडलं. वडी पिकून मऊ पडली होती. पहिला घास घेऊन मी डोळे मिटले. एवढ्यात दार वाजलं. दोघी लवकर परतल्या होत्या.

लहानपणी चोरून आइसफ्रूट खाताना सापडल्यावर जशी काडी पाठीमागे लपवायचे, तसा मी हातातला पाव टेबलाखाली नेला. मुलीनं दारातच टी-शर्ट नाकावर ओढला. "ओ माय गॉड, मॉम! दॅट इज सो ग्रॉस!" आई सावकाश आली, माझ्या समोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "काय खातेस गं?"

"चीज."

"बरं." तिनं मटारच्या शेंगांची पिशवी पुढ्यात घेतली आणि सोलायला लागली.

क्षणभर मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. वयाबरोबर माणूस निवळतं म्हणतात, तशी आई निवळली, असं वाटलं. आता गराज सुटलं! पण मुलगी अजून दारातच उभी होती. "आजी, कान्ट यू स्मेल दॅट?"

"येतोय की वास," आई शेंगांकडे बघतच म्हणाली.

बस, एवढंच. जिनं शेजाऱ्यांच्या सुकटीच्या वासानं अख्खी सोसायटी डोक्यावर घेतली होती, ती एवढंच म्हणाली. माझा घास तोंडातच राहिला.

आईची थोरली बहीण, माझी मावशी, स्मृतिभ्रंश झाल्यावर शेवटची चार वर्षं आईकडेच होती. आईनंच तिचं सगळं केलं. तिची हकीकत आई नेहमी एकाच क्रमानं सांगायची. आधी वास गेला. मग रस्ते गेले. मग आम्ही गेलो. दूध करपलं तरी तिला कळायचं नाही गं, असं सांगताना आईचा आवाज दरवेळी खाली जायचा. म्हणजे आपल्याला काय होतंय, हे आईला आमच्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. मोगरा, कोथिंबीर, बासमती, सगळ्यांवर तिनं एकेक करून आळ घेतला होता, आणि आम्ही तिला हौसेनं साथ दिली होती.

मी मुलीला वर पाठवलं. माझी शंका खोटी आहे, एवढंच मला ऐकायचं होतं. साधं नाक चोंदलं असेल, म्हातारपणी सर्दी रेंगाळते. असलं काहीही चाललं असतं मला.

"आई, एक गंमत करू. डोळे मीट. मी एक वस्तू आणते, ती कसली ते नुसत्या वासावरून सांगायचं."

"हा काय पोरकटपणा?" ती हसली, पण शेंगा सोलणारे हात थांबले. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. नाही म्हणेल असं वाटलं, म्हणावं असंही वाटलं. मग तिनं पदरानं बोटं पुसली, ती मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.

मी उठलेसुद्धा नाही. वडीच्या मधोमध, जिथे ती सगळ्यात जास्त पिकली होती, तिथला जाड काप सुरीवर घेतला आणि टेबलावरून वाकून तिच्या नाकाशी धरला. वरच्या ओठापासून बोटभर अंतरावर. माझ्याच डोळ्यांत पाणी येत होतं, इतका तो उग्र होता. आईचा श्वास शांत चालू होता. आत, बाहेर. सुरीवरचा काप तिच्या श्वासानं ओलसर झाला.

"अगं, आण की लवकर," ती म्हणाली. "किती वेळ डोळे मिटून बसू?"

सुरी मला मागे घेता येईना. तिनं इतक्यात डोळे उघडू नयेत, एवढंच मला वाटत होतं.