दोन घरांची साक्ष

मेलेल्या माणसांची इतकी काळजी वाहणारी आणि जिवंत माणसाच्या शब्दावर इतका अविश्वास ठेवणारी बाई उभ्या भाईंदरात दुसरी झाली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. आमच्या नवघरला जुन्या दवाखान्याच्या मागे ख्रिस्ती सिस्टर लोकांनी आपल्या संस्थेचं दोन खोल्यांचं म्युझियम केलंय, त्या म्युझियमच्या या सिस्टर. मूळच्या केरळच्या. तरुणपणी नर्स म्हणून आल्या, जन्म इथेच गेला, आणि गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा संस्थेने त्यांना बसून करायचं काम म्हणून संस्थेचा इतिहास सांभाळायला दिला. बसून! त्या खोलीत मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नाही. मराठी शिकल्या त्या पेशंटांकडून. त्यामुळे दारात कुणीही आलं की नमस्कार नाही, या बसा नाही, एकदम "कुठे दुखतंय?" एकदा कुणी मोठे साहेब मोटारीतून म्युझियम बघायला आले. त्यांनाही हेच. साहेब जरा घुटमळले आणि हळूच म्हणाले, "कंबर." मग म्युझियम राहिलं बाजूला, साहेबांना जमिनीवर आडवं करून व्यायाम शिकवला, आणि साहेब इतिहास न बघताच खूश होऊन गेले.

नर्सपण काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. जुने फोटो एक्स-रेच्या पाकिटांत ठेवायच्या, चिमट्याने उचलायच्या, आणि ज्यातली माणसं ओळखू आली नाहीत त्या फोटोंना "माझे पेशंट" म्हणायच्या. नियम एकच, पण लोखंडासारखा. दोन वेगळ्या घरांनी साक्ष दिल्याशिवाय फोटोखाली नाव लागणार नाही. रोज सकाळी पाकिटं पिशवीत घालून निघायच्या, भाजीवाली म्हणू नका, पोळपाट-लाटणं विकणारा म्हणू नका, जुना माणूस दिसला की त्याच्या नाकासमोर फोटो. "हा कोण? नीट बघा. घाई नको."

आता आमच्याकडच्या म्हाताऱ्या नवऱ्याचं नाव घेतात होय? फोटो बघून पदर तोंडाला लावायच्या आणि म्हणायच्या, "हे आमचे ते." सिस्टरांनी तसंच लिहिलं. किती तरी दिवस भिंतीवर "डावीकडून दुसरे: ते", "खुर्चीवर बसलेले: ते" अशा चिठ्ठ्या होत्या. शेवटी मीच एकदा खुलासा केला. सिस्टरांनी कपाळाला हात लावला, आणि मग कुणाकडून तरी उखाण्याची भानगड समजून घेतली. त्या दिवसापासून म्युझियमात दुपारी हळदीकुंकवासारखी गर्दी. फोटो टेबलावर, ताटलीत बिस्किटं, आणि "हं, नाव घ्या." विधवा बायका आधी मागे सरायच्या, आम्ही कसला उखाणा घ्यायचा म्हणून. सिस्टर म्हणायच्या, "फोटोत तर आहेत ना ते? मग घ्या नाव." आणि सत्तर-ऐंशीच्या बायका नवरीसारख्या लाजत नाव घ्यायच्या. ते झालं की सिस्टर डोळे पुसायच्या, लगेच चष्मा लावायच्या आणि विचारायच्या, "छान. पण दुसरं घर कुठाय?"

मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर हाडं झिजवली. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, एवढंच ठाऊक. सिस्टरांनी मला पोपडे उडालेलं इनॅमलचं घमेलं दाखवलं. म्हणाल्या, "आमचा इतिहास हा." पहिल्या सिस्टर इथे आल्या तेव्हा दवाखाना कुठला! मिठागराच्या बांधावर हे घमेलं घेऊन बसायच्या आणि मिठाने फाटलेले कामगारांचे पाय धुवून पट्टी बांधायच्या. पुढे त्याच कामगारांनी सुट्टीच्या दिवशी खपून, मजुरी न घेता, दवाखान्याला विहीर खणून दिली. पाणी लागलं त्या दिवशी कुणीतरी फोटो काढला. तो फोटो सिस्टरांनी पाकिटातून काढला आणि माझे पाय तिथेच खिळले.

माझा बाप त्या मिठागरावर होता. तो गेला तेव्हा मी चार वर्षांचा. घरात फोटो नाही, मला चेहरा आठवत नाही. आई सांगायची, असे होते, तसे होते, त्यातून मी एक बाप मनात रचलेला. आणि फोटोत तिसरा माणूस हुबेहूब तो. रुंद छाती, पीळ दिलेली मिशी, खांद्यावर कुदळ.

"सिस्टर, हा माझा बाप. सखाराम. लावा नाव."

"दुसरं घर?"

"माझा बाप ओळखायला दुसऱ्याचं घर कशाला?"

"दादा, घरचा माणूस फोटोतला सगळ्यात रुबाबदार माणूस आपला म्हणतो. या तिसऱ्याला याआधी दोघांनी बाप म्हटलंय."

मी तरातरा निघून आलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो, भांडायला. मग रोजच जायला लागलो. सुनेला वाटायचं सासऱ्यांना धर्म बदलायचाय. मला फक्त त्या फोटोखाली नाव हवं होतं. दोन वर्षं मी मागत राहिलो आणि दोन वर्षं ती बाई तसूभर हलली नाही. मग एक दिवस त्यांनीच सांगितलं, गुडघे आता जिनाही चढू देत नाहीत, संस्था केरळच्या विश्रामगृहात पाठवणार. नवीन येणाऱ्या सिस्टरांना मराठी येत नाही. "माझ्यामागे तुमच्या फोटोला कोण विचारणार, दादा? चेणे गावात एक आजी आहेत, परवाच कळलं. नवरा त्याच मिठागरावर होता. चला."

रिक्षाने निघालो. काशीमिऱ्याच्या गर्दीत रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "माताजी, घुटने में तकलीफ है तो आगे मेरा पहचान का डॉक्टर है." सिस्टर म्हणाल्या, "तुझे किधर दुखता है, वो बोल." चेण्याला पोचेपर्यंत त्याच्या मानेचं सगळं ऐकून झालं होतं.

आजी नव्वदीच्या पुढच्या, ओटीवर बाजेवर बसलेल्या. शेजारीण पंखा धरून होती. सिस्टरांनी सवयीने विचारलं, "आजी, कुठे दुखतंय?"

"कुठं न्हाय दुखत ते इचार."

फोटो हातात दिला. आजींनी तो डोळ्यांना चिकटवला आणि बोळक्या तोंडाने हसायला लागल्या. तिसऱ्यावर बोट ठेवलं. "ह्यो तर आमचा मानूस!"

मी म्हटलं, "आजी, नीट बघा. तो माझा बाप आहे, सखाराम."

"मी लगीन तुज्या बापाशी केलेलं काय रं?"

शेजारीण पंखा टाकून हसायला लागली. सिस्टर मात्र गंभीर. "आजी, नाव घ्या." आजींनी पदर सारखा केला, मान खाली घातली.

"खाडीच्या पान्याला भरती नि ओहोटी,
हिराजीचं नाव घेते, हसू आलं ओठी."

शेजारणीनेही बघून सांगितलं, हिराजीबाबाच तो, तिच्या लहानपणी तिला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारा. दोन घरं झाली. माझ्या बापाची मिशी, छाती, कुदळ, सगळं गेलं. मी उठलोच होतो, तर आजींचं बोट सरकत फोटोच्या पार कडेला गेलं. "तुजा बाप ह्यो. सखा." तिथे एक किडकिडीत माणूस विहिरीवर वाकलेला, ऐन वेळी हललेला. तोंडाच्या जागी नुसता पुसट डाग. "फोटोवाला वरडत व्हता, हलू नको, हिकडं बघ. पन ह्याचं आपलं येकच. पानी गोड हाय का खारं, आधी चाखून बघतो म्हनं."

परतताना सिस्टर हळूच म्हणाल्या, "दादा, आजींचं एक घर झालं. तुम्ही नुसतं हो म्हणा. दोन होतात."

मी म्हटलं, "मी त्याला ओळखत नाही, सिस्टर. साक्ष द्यायची तर खरी."

नंतर मी त्यांच्याकडे गेलोही नाही. जायच्या दिवशी मात्र राहवलं नाही. खोलीत सामानाची पेटी बांधून ठेवलेली, आणि भिंतीवर तो फोटो. खाली त्यांच्या गोल अक्षरात लिहिलेलं: तिसरे, हिराजी. सगळ्यात कडेला पाणी बघणारे, सखाराम.

"सिस्टर, दुसरं घर कुठलं?"

"माझं."

"तुम्ही कुठे पाहिलं होतं त्यांना?"

"दोन वर्षं रोज तुमच्यात बघतेय," त्या म्हणाल्या. "सगळं जग सांगतं इकडे बघ, आणि एक माणूस ऐकत नाही."

सिस्टर गेल्या. त्यांचा फोन येतो कधीमधी; कुठे दुखतंय म्हणून विचारतात आणि खरं सांगितलं नाही की ओरडतात. म्युझियम आता आठवड्यातून एकदाच उघडतं. मी जातो. ती विहीर कधीच बुजली, वर बिल्डिंग उभी राहिली. पण तिचं पाणी मी लहानपणी प्यायलोय आणि ते गोड होतं, हे कडेला वाकलेल्या त्या माणसाला दर खेपेला सांगतो. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिसऱ्यालाही हात जोडतो. त्या दोन वर्षांत त्याला बाप समजून, फोटो पुढ्यात घेऊन मी मनातलं काय काय बोललो होतो, बायकोचं दुखणं, पोराशी पडलेला अबोला. बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, माझा कुणी लागत नसताना.