दोन मिनिटांची ओळ

साताऱ्यात माझं काम म्हणजे दुकानांतले जाहिरातीचे पडदे बसवणं. पडद्याच्या पाठीमागे तळहाताएवढा एक कॉम्प्युटर असतो, नुसती हिरवी पट्टी. सकाळी साडीवाल्यानं शटर वर करून बटण दाबलं की तो आपला आपण जागा होतो, पडदा तयार करतो आणि साड्यांची चित्रं फिरवायला लागतो. दुकानदारानं कशालाही बोट लावायचं नाही, हीच त्यातली खुबी. ती मला अशी जमली होती की फलटणपर्यंतचे लोक मलाच बोलवायचे, आणि मीही जरा चढलो होतो.

त्यामुळे आण्णांची वाचा गेली तेव्हा, खोटं कशाला सांगू, रडून झाल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो पडद्याचाच.

आण्णा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी कोयनानगरला वीजघरात झाली, निवृत्त झाल्यावर कवठे महांकाळजवळ गावी आईला घेऊन राहिले. अर्धांगवायूनं उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही नेलं. डोकं मात्र शाबूत. सांगलीच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर ते डाव्या हातानं कॉटची दांडी वाजवायचे. पाणी हवं असो, उठायचं असो, अंग दुखत असो, सगळ्याला तोच एक आवाज. आई एकेक विचारत बसायची. तीन-चारदा चुकलं की ते भिंतीकडे तोंड करायचे. कधी उशीर झाला की अंथरुणातच व्हायचं. उभा जन्म इस्त्रीच्या कपड्यात वावरलेला माणूस मग डोळे मिटून पडून राहायचा. मला ते बघवत नव्हतं.

मी पडदा करून त्यांच्या डाव्या हाताशी बसवला. त्यावर सहा मोठी चित्रं. बोट लावलं की खणखणीत आवाज: 'अगं, पाणी दे.' 'अगं, मला उठव.' आवाज माझाच, आण्णांचा ढंग आणून काढलेला. आई पदर तोंडाला लावून हसली.

"त्येंच्यावानी खेकसाय कुठं येतंय तुला!" म्हणाली.

शेवटचं चित्र लाल घंटेचं होतं. तिचा आवाज शेजारी शिवणकाम करणाऱ्या चाचीच्या घरापर्यंत जायचा. पहिल्या दिवशी आण्णांनी चहाच्या चित्राला चारदा बोट लावलं आणि चारही वेळा चहा घेतला. आजारपणानंतर ते पहिल्यांदा हसले, तोंडाच्या एकाच बाजूनं.

गावात लाईट आठवड्यातून दोन-तीनदा जाते. म्हणून लाईट आली की पडदा आपोआप उभा राहायला हवा, यावरच सगळी भिस्त होती. साताऱ्यात मी कितीदा तरी वायर उपसून खात्री केली होती. निघताना आईला बजावलं, "लाईट गेली-आली तरी ह्येचा हा लागतोय. कशाला हात लावू नगंस."

बुधवारी फोन केला. "पडदा चाललाय न्हवं?"

"न्हाई रं, काळाच हाय. आरं, त्ये बटण..."

"बटणाला हात लावू नगं म्हटलं न्हवं का! लाईट हाय का?"

"हाय की. पंखा फिरतुया."

"मग मी शनवारी येऊन बघतो."

मला दोष कळलाच होता. म्हणजे कळला असं वाटलं होतं. या कामात तो नेहमीचाच: पडदा तयार व्हायच्या आधीच चित्रांचा प्रोग्रॅम धावत सुटतो, त्याला उभं राहायला जागा मिळत नाही, तो मरतो आणि काळा पडदा उरतो. खरं तर त्याचा बंदोबस्त मी आधीच केला होता, पण गावच्या लाईटीचा काय भरवसा. शनिवारी प्लग काढला, कॉम्प्युटर टेबलावर नेला आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: सुरू व्हायच्या आधी दहा सेकंद थांब. परत जागेवर लावला, पडदा झकास आला. आण्णा डावा हात उचलून भिंतीकडे काहीतरी दाखवत राहिले, कपाळाला आठ्या घालून. मी सारखा प्लग उपसतो म्हणून रागावलेत, असं मी धरून चाललो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा 'काळाच हाय'. तीस सेकंद केले. मग एक मिनिट. शेवटी वैतागून दोन मिनिटं. विषाची परीक्षा कशाला बघा!

त्यानंतरच्या बुधवारी दुपारी आई दळण आणायला गिरणीत गेली होती. चाची घरी मशीनवर बसली होती. तिला तांब्या पडल्याचा आवाज आला, धावत आली, तर आण्णा मोरीच्या दारात पडलेले. खुब्याचं हाड मोडलं होतं. पुन्हा सांगली. त्या गडबडीत पडद्याकडे कुणाचं लक्ष जाणार? चाचीनं घराचं मेन बटण पाडलं आणि दाराला कुलूप घातलं. आण्णांनी पुढचा पंधरवडाही काढला नाही.

तेरावं झाल्यावर मी पडदा उतरवायला घेतला. लाईट कधी मिळाली, चित्रं कधी आली, कशाला बोट लागलं, हे सगळं तो टिपून ठेवायचा. ते वाचायला बसलो. नोंदी फक्त शनिवार, रविवार, फार तर सोमवारच्या सकाळपर्यंत. पुढे पुढचा शनिवार. प्रोग्रॅम मेला असता तरी लाईट मिळाल्याची नोंद हवी होती. तीही नव्हती.

"आई, मधल्या दिवसांत ह्येचं बटण बंद हुतं का?"

"मग? लाईट गेली की बटणं बंद करायची. येताना झटका देती, वस्तू जळती. लगीन झाल्यापास्नं ह्येंनीच शिकवलंय. आजारपणातबी लाईट गेली की खुणवायचे, बंद कर म्हणून."

"आन् लाईट आल्याव लावायचं न्हाई व्हय?"

"तूच म्हणलास न्हवं, बटणाला हात लावायचा न्हाई, आपोआप लागतंय."

बोलता बोलता ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तिला काय समजायचं ते समजलं. "म्हंजी मी बंद केलं म्हणून ह्येंनी..." एवढंच म्हणून ती खाली बसली. आण्णा दर शनिवारी भिंतीवर काय दाखवत होते, ते मला तेव्हा कळलं. प्लग काढण्याआधी बटण बंद करायचं, परत लावल्यावर चालू करायचं, ही त्यांचीच शिस्त माझ्याही हातात मुरलेली. ते आधीपासूनच बंद आहे का, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. वीजघरातल्या माणसाला सगळं कळत होतं, फक्त ते सांगेल असं एकही चित्र मी पडद्यावर ठेवलं नव्हतं.

शेवटची नोंद मी आई आत गेल्यावर वाचली. ती बुधवारची होती, दुपारची. घरात दुसरं कुणी नव्हतं; उशाच्या भिंतीवरचं बटण आण्णांनीच डाव्या हातानं कसंबसं गाठलं होतं. लाईट मिळाली. मग दोन मिनिटं काहीच नाही. मग सहा चित्रं आली. कशालाच बोट लागलं नाही.

काळ्या पडद्यापुढे ते किती वेळ थांबले असतील, कुणास ठाऊक. अंथरुणात पुन्हा तसं व्हायला नको म्हणून उठले असणार. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. चाचीच्या मशीनचा आवाज तिथं स्पष्ट ऐकू येत होता. लाल घंटा वाजली असती तर ती धावत आली असती.

साताऱ्याला आल्यावर मी ती थांबायची ओळ खोडली आणि प्लग लावला. पडदा चूळ भरेपर्यंत आला. वायर उपसली, पुन्हा लावली. पुन्हा आला. ती ओळ कधीच लागत नव्हती. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, तसं मी दर शनिवारी करत आलो होतो.

आई अजून फोनवर म्हणते, "मी त्ये बटण बंद केलं नसतं तर रं?" मी म्हणतो, "तुजी काय चूक न्हाई." तिला ते पटत नाही. बुधवारी आण्णांनी स्वतःच्या हातानं बटण लावलं होतं, अडवलं ते माझ्या दोन मिनिटांनी, एवढं एक वाक्य तिला सांगायचं आहे. मी अजून सांगितलेलं नाही.