चार नंबरचा पंखा बंद आहे

"वाचकांना कळवलं का?"

आमच्या ग्रंथपालांचा हा प्रश्न. नळाला पाणी नाही असं शिपाई सांगायला आला, की ते आधी हे विचारायचे आणि मग प्लंबरला फोन लावायचे. वर्तमानपत्र उशिरा आलं, खुर्चीचा पाय मोडला, मधल्या खोलीला रंग द्यायचं ठरलं, काहीही असो. माणूस घरून निघायच्या आधी त्याला इथली खबर असायला हवी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

लखनौतल्या एका सरकारी संस्थेच्या ग्रंथालयात मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली होते. नवऱ्याची रेल्वेतली बदली झाली म्हणून मी नागपूरहून इथे आले. ते मूळचे वर्ध्याकडचे, पण तीस वर्षं लखनौत काढलेली. मी मराठी आहे हे कळल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाले, "अच्छा हुआ, ताई. आता मला ऑफिसात पण मराठीत विचार करता येईल." प्रत्यक्षात त्यांची मराठी निम्मी हिंदीच होती. "वो रजिस्टर जरा इकडे द्या, हाँ," असं म्हणायचे. घरी ते मराठीत बोलत आणि मुलं हिंदीत उत्तरं देत. त्याचं त्यांना वाईट वाटायचं, पण तक्रार नव्हती.

या कळवण्याच्या वेडामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील मोठेपणी लिहायला-वाचायला शिकले. नवं शिकलेलं वाचावं म्हणून ते गावाहून तालुक्याच्या वाचनालयात पायी जायचे. एकदा लहानग्या मुलाला, म्हणजे यांनाच, बरोबर घेऊन गेले, तर दाराला कुलूप. कसली तरी सुट्टी होती. वडील पायरीवर थोडा वेळ बसले आणि परत फिरले. एवढं सांगून ते समोरच्या कपाटाची काच पुसायला लागले.

आमच्याकडे सूचना फलक होता, तो दारामागे. दार उघडलं की फलक झाकला जायचा. एका जूनमध्ये आलमबागहून एक म्हातारे गृहस्थ भर उन्हात आले आणि अचानक जाहीर झालेल्या सुट्टीमुळे परत गेले. दुसऱ्या दिवशी चौकीदाराने हे सांगितलं. त्या संध्याकाळी आमच्या ग्रंथपालांनी मुलीला शेजारी बसवून ग्रंथालयाचा ब्लॉग सुरू केला. संस्थेच्या वेबसाइटवर एक ओळ बदलायची तर तीन सह्या लागत. ब्लॉगला एकही लागत नव्हती.

ग्रंथालयाचा ब्लॉग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे नव्या पुस्तकांची मुखपृष्ठं आणि पाहुण्यांचे सत्कार येतील. आमच्या ब्लॉगवर तसलं काही नसे. रोज सकाळी साडेआठला ते हिंदीत चार-पाच ओळी लिहायचे. चार नंबरचा पंखा बंद आहे, त्याखाली बसणाऱ्यांनी आज खिडकीकडे बसावं. अमुक मासिकाचा अंक आलेला नाही, पोस्टात विचारलं आहे. काल कोणी चष्मा विसरून गेलं, काउंटरवर आहे, एका काडीला दोरा बांधलेला आहे. आणि शेवटी एका पुस्तकाबद्दल दोन वाक्यं. तीही कशी, तर 'पहिली चाळीस पानं कंटाळवाणी आहेत, सोडू नका.'

संस्थेच्या मोठ्या साहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि म्हणाले, "अपनी कमियाँ दुनिया को क्यों बता रहे हैं आप?"

"सर, पंखा बंद है ये तो वो आके देख ही लेंगे," ग्रंथपाल शांतपणे म्हणाले. "घर से देख लें तो अच्छा."

साहेबांनी महिनाअखेर ब्लॉग बंद करायला सांगितलं. बाहेर आल्यावर ग्रंथपालांनी मला विचारलं, "ताई, बंद होणार हे वाचकांना कधी कळवायचं?" ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

ब्लॉग वाचणारे फार नव्हते, पण जे होते ते पक्के होते. त्यात इंदिरा नगरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. शाळेत शिकवणाऱ्या बाईंना इथे बहनजी म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. एकट्या राहायच्या. गुडघे दुखायचे, तरी पंधरा दिवसांनी ऑटोने येऊन पुस्तक बदलून न्यायच्या. ब्लॉगवर रोज नऊच्या आत त्यांचे दोन शब्द पडायचे, 'पढ़ लिया'. यापलीकडे काही नाही. ते दिसले की ग्रंथपाल संगणकाकडे पाहून किंचित मान हलवायचे, समोर कोणी असल्यासारखी.

त्याच महिन्यातल्या एका बुधवारी ते शब्द आले नाहीत. ग्रंथपालांनी दोन-तीनदा पान उघडून पाहिलं. गुरुवारीही आले नाहीत. अकरा वाजता त्यांनी बहनजींना फोन लावला. नुसती रिंग जात होती. मग त्यांनी सभासदांच्या अर्जांची फाइल काढली आणि ती न उघडता तशीच हातात धरून उभे राहिले. वाचकाचा पत्ता ग्रंथालयाच्या कामाशिवाय पाहायचा नाही, हा त्यांचाच नियम.

"हे पण ग्रंथालयाचंच काम आहे," ते शेवटी म्हणाले. "चला ताई."

बहनजींचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दाराशी दोन दिवसांची वर्तमानपत्रं पडलेली. खालच्या मजल्यावरच्या बाई हात पुसत जिन्यापर्यंत आल्या. "बेटी के पास कानपुर गई होंगी," त्या म्हणाल्या. "अख़बार वाले को बताना हमेशा भूल जाती हैं." मला ते पटलं. खरं सांगायचं तर हायसं वाटलं, आणि आता परत जायचं म्हणून मी वळलेही.

ते हलले नाहीत. "हमारी किताब इनके पास है," ते म्हणाले. "शहर के बाहर जाती हैं तो पहले किताब जमा करती हैं. हर बार."

"एक किताब के लिए..." बाईंनी हसू दाबलं.

ग्रंथपालांनी दार वाजवलं, कान लावला आणि मोठ्याने म्हणाले, "बहनजी, पुस्तकालय से आए हैं."

आतून आवाज आला. भांडं फरशीवर आपटल्याचा. मग पुन्हा एकदा.

कोपऱ्यावरच्या फर्निचरच्या दुकानातून सुतार आणून कडी तोडली. बहनजी स्वयंपाकघरात जमिनीवर पडल्या होत्या. बुधवारी सकाळी चहाचं पाणी घेताना पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. फोन पलीकडच्या खोलीत. ओरडून ओरडून आवाज बसलेला. पाण्याची एक बाटली हाताला लागली होती, तिच्यावर त्यांनी दीड दिवस काढला होता. आम्हाला पाहून त्या घोगऱ्या आवाजात पहिलं काय म्हणाल्या असतील?

"किताब पलंग पर है."

अॅम्ब्युलन्स यायला वेळ होता. त्यांना हलवू नका असं फोनवर बजावलं होतं. मी चमच्याने पाणी देत होते. ग्रंथपाल ओट्याला टेकून त्यांच्याशेजारी फरशीवर बसले, मोबाइल काढला आणि बुधवारचा मजकूर वाचायला लागले. तो वाचून झाल्यावर गुरुवारचा. कुठलं मासिक आलं, कुठला पंखा दुरुस्त झाला. बहनजी डोळे मिटून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "सुन लिया."

त्यांना घेऊन गेल्यावर मी खाली आले, तर ग्रंथपाल जिन्याच्या पायरीवर बसलेले. चष्मा काढून बाजूला ठेवला होता. "मला वाटलं उशीर झाला, ताई," म्हणाले. मी त्यांचा चष्मा हातात घेऊन शेजारी बसले. खालच्या बाईंनी न विचारता चहा आणून दिला. इतका गोड चहा मी एरवी कधी प्यायले नसते.

शस्त्रक्रिया नीट झाली. कानपूरहून मुलगी आली आणि चार महिने राहिली. तेवढे दिवस ग्रंथपालांनी ते पुस्तक दर पंधरवड्याला आपणहून बहनजींच्या नावावर वाढवून दिलं. एका सकाळी नऊच्या आत 'पढ़ लिया' दिसलं, तेव्हा ते उठून व्हरांड्यात एक फेरी मारून आले.

ब्लॉग बंद करण्याचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही. आम्हीही आठवण दिली नाही. काही आठवड्यांनी ब्लॉगवर त्यांचाच अभिप्राय आला, 'कैंटीन की चाय पर भी कुछ लिखिए.'

गेल्या मार्चमध्ये ग्रंथपाल निवृत्त झाले आणि वर्ध्याला गेले. शेवटच्या शुक्रवारी मी म्हटलं, "आज निरोपाचं काहीतरी लिहा. लोक वाट पाहतायत."

"त्याचा वाचकांना काय उपयोग?" म्हणाले, आणि टाइप करत राहिले. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. संध्याकाळी साहेबांनी शाल दिली, समोसे झाले, ते डबा आणि छत्री घेऊन मेट्रोकडे चालत गेले. इतकी वर्षं मी आतल्या खोलीत पुस्तकांची नोंदणी करत बसायचे, काउंटर तेच सांभाळायचे. आता मला बाहेर बसायचं होतं, येणाऱ्या प्रत्येकाशी बोलायचं होतं.

सोमवारी दार उघडताच एक तरुण अभ्यासिकेची जागा मागायला आला. माझ्याकडे बघून घाईघाईने म्हणाला, "मैडम, हमें पता है, आप नाराज़ नहीं हैं."

मला काही कळेना. त्याच्यानंतर आलेल्या आजोबांनीही तेच सांगितलं. मग मी ब्लॉग उघडला. शुक्रवारच्या मजकुरात ग्रंथपालांचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. लिहिलं होतं: 'सोमवारपासून काउंटरवर मॅडम बसतील. कोणतं पुस्तक कुठे आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नव्या माणसाशी त्या सुरुवातीला कमी बोलतात. रागावलेल्या नसतात.'

अकरा वाजेपर्यंत आणखी चौघांनी मला ते सांगितलं. त्यातल्या चौथ्याशी मी आपणहून बोलायला लागले होते.