लिंबराज पेंटरचा ड्रायव्हर

लिंबराज गेल्याची बातमी मला फ्लेक्सवाल्याने दिली. सकाळी त्याचा फोन आला, "सर, लिंबराज पेंटरचा एखादा चांगला फोटो हाय का तुमच्याकडं? जरा क्लिअर पाहिजे, मोठा केला की फाटतो." कशाला, असं मी विचारलं. तो घुटमळला. "म्हणजे तुमाला कळलं न्हाई का अजून…" केजमध्ये हल्ली माणूस गेला की आधी फ्लेक्सची ऑर्डर जाते, मग नातेवाइकांना कळवतात. याच फ्लेक्सवाल्याने गावात यंत्र आणलं आणि लिंबराजच्या दुकानासमोर वाळत पडलेल्या पाट्यांची रांग एका वर्षात संपली. शेवटी त्याच यंत्रातून आपण बाहेर पडणार हे लिंबराजला कळलं असतं, तर त्याने मजकुरातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या असत्या आणि फ्लेक्सवाल्याच्या आईवडिलांची चौकशी केली असती.

आम्ही शाळेत एका वर्गात होतो. पुढे मी कॉलेजात इतिहास शिकवू लागलो आणि तो पाट्या रंगवू लागला. तेव्हापासून तो मला "सर" म्हणायचा, पण असा म्हणायचा की शेजारी बसलेल्याला ती शिवी वाटावी. त्याचं आजोळ येडशीकडचं. सुट्टीत तिथे त्याने बार्शी-लातूरची छोटी गाडी पाहिली आणि तिथेच त्याचं आयुष्य वाकडं झालं, असं त्याची बायको, म्हणजे आमच्या सुमनवहिनी म्हणत. रामलिंगच्या चढावर ते बुटकं इंजिन दमायचं, चाकं जागच्या जागी फिरायची, मग रुळावर वाळू सोडायची, की पुन्हा कसंबसं पुढे. लोक उतरून शेजारून चालायचे. हे सगळे विनोद म्हणून सांगतात. लिंबराजला मात्र विनोद ऐकू येत नसे, वाळू ऐकू येत असे. चाकाखाली ती कशी चरचरते, हे तो दात आवळून तोंडाने करून दाखवायचा. पुढे परळीला कोळशाचं इंजिन येत होतं तोवर तो दर महिन्याला एसटीने तिकडे जायचा आणि फलाटावर पथारी टाकून चित्रं काढायचा. निजामाच्या काळातल्या रुळांबद्दल तो छातीठोकपणे बोलायचा. त्यातलं निम्मं बरोबर असे. उरलेलं निम्मं मी दुरुस्त केलं की तो म्हणे, "तुमी पुस्तकात गेलता सर, मी परळीला गेलतो."

त्याच्या घरात भिंती अशा उरल्याच नव्हत्या. माजघरात छोटी गाडी, स्वयंपाकघरात मालगाडी, आणि न्हाणीच्या दारावर सिग्नल. इंजिनाचा काळा रंग तो डब्यातून कधी घेत नसे. निळा, विटकरी आणि थोडा हिरवा घोटून तो स्वतःचा काळा बनवायचा. डब्यातला काळा म्हणजे मेलेला काळा, त्यात वाफ दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि त्याच्या गाडीत माणूस नसे. खिडक्या रिकाम्या, दारं रिकामी, ड्रायव्हरची जागासुद्धा रिकामी. वहिनींनी एकदा म्हटलं, निदान एका खिडकीत आपल्या पोरींना तरी बसवा. दोन्ही पोरी समोर उभ्या होत्या. लिंबराज म्हणाला, "माणूस काढला की लोक माणसालाच बघतात. गाडीकडं कोण बघंना." पोरी आत गेल्या. मोठी नंतर सासरी गेली ती दिवाळीलासुद्धा क्वचितच यायची. त्याने तिला अडवलं नाही आणि बोलावलंही नाही. चांगल्या माणसाचा हा लेख नाही, हे वाचकांनी आधीच ओळखलं असेल.

परळीचं टोक सोडलं तर जिल्ह्यात रेल्वे नव्हती, त्यामुळे रेल्वेचं आंदोलन मात्र आमच्याकडे बारमाही पीक होतं. प्रत्येक मोर्चाला लिंबराजच्या घरी माणसं येत, त्याला पुढच्या रांगेत बसवत. बीडला गाडी यावी म्हणून झुरणारा कलावंत, अशी त्याची ओळख व्हायची. त्याला ती गाडी नकोच होती. "कावून पाहिजे?" तो मला म्हणाला होता. "ज्या गावात गाडी येती, तिथली माणसं गाडीकडं बघत न्हाईत, घड्याळाकडं बघतात." पण सत्काराची शाल तो घ्यायचा. एका सत्कारात तर त्याला पारदर्शक प्लॅस्टिकमधली बुलेट ट्रेन मिळाली. घरी नेऊन ती त्याने दार वाऱ्याने आपटू नये म्हणून उंबऱ्याशी अडकवली.

मग छोटी गाडी बंद झाली, आणि आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी तिचं एक जुनं इंजिन भंगाराच्या लिलावात उचललं. कारखान्याच्या गेटवर शोभेला ठेवायचं म्हणून. ट्रेलरवरून ते आलं त्या दिवशी लिंबराज दुकान उघडं टाकून गेटवर जाऊन बसला. त्याने चाकांना हात लावला, वाळूची पेटी उघडून आत बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली वाळू मला दाखवली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. इंजिनावर छप्पर पाहिजे. उघड्यावर राहिलं तर गंज खाईल, आणि गंजलेली वस्तू आमच्याकडे भंगार म्हणून कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात भरते. इंजिन वाचायला हवं, बाकी त्याला कशाचीच पर्वा नव्हती.

साहेबांनी छप्पर कबूल केलं. अट साधी होती. गेटसमोरच्या लांबलचक भिंतीवर त्याने हेच इंजिन रंगवायचं, आणि ते चालवताना साहेब दिसले पाहिजेत. फेटा, कोट, हात दांड्यावर. सहकाराची गाडी कोण चालवतंय हे सभासदांना कळायला नको का? संचालक मंडळाने बाकं वाजवली. लिंबराज दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी रंगाचे डबे घेऊन गेला.

चित्र झालं, आणि खोटं कशाला बोलू, साहेब हुबेहूब आले होते. उद्घाटनाला साहेबांनी भिंतीपुढे नारळ फोडला तेव्हा पाणी उडून त्यांच्याच रंगवलेल्या डोळ्याखाली पडलं आणि गालावरून एक ओघळ आला. मागचा एक संचालक गहिवरून म्हणाला, "बघा, शेतकऱ्यांसाठी डोळ्यात पाणी." टाळ्या झाल्या. मी लिंबराजकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याने मला सांगितलं. इंजिन त्याने तैलरंगात काढलं होतं, पक्कं, वीस उन्हाळे टिकेल असं. खिडकीही आधी रिकामीच रंगवली होती, तीही तैलरंगात, पलीकडे माळरान आणि लांबवर सिग्नल. साहेब त्यावर नंतर चढवले होते. साधा पाण्यातला रंग आणि चिमूटभर डिंक. भिंतीच्या माथ्यावर पत्र्याची पुढे आलेली झाप होती, त्यामुळे किरकोळ सरीने काही होणार नव्हतं, पण पश्चिमेचा तिरका, झोडपणारा पाऊस आला की काम संपलं. "एक पाऊस सर," तो म्हणाला, "आन् साहेब उतरले गाडीतून. तवर छप्पर झालेलं असंल."

सगळा हिशोब त्याने चोख केला होता. फक्त बीड जिल्ह्यात राहून पावसावर विसंबला होता.

त्या वर्षी पाऊस आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. आला तो धूळ बसवण्यापुरता. धरणाच्या तळाला भेगा पडल्या, केजमध्ये टँकरभोवती घागरी घेऊन बायका भांडू लागल्या. सगळा तालुका पेरणीसाठी आभाळाकडे बघत होता, आणि एक माणूस चेअरमनचं तोंड धुतलं जावं म्हणून. ढग आले की लिंबराज दुकानाच्या पायरीवर उभा राहायचा. मी त्याला विचारलं, लोकांच्या विहिरींचं काही वाटतं का तुला? "वाटतं की," तो म्हणाला. "पर एका पावसात दोन्ही कामं व्हत्यात. मी वेगळा पाऊस मागतोय का?"

ऊस वाळला, कारखाना बंद पडला. आवारात गुरांची छावणी लागली. छपराचे खांब उभे राहिले होते, पत्रे काही चढले नव्हते. इंजिनाच्या चाकांना म्हशी बांधलेल्या असत. ज्यांच्याकडे चारा संपला होता ती माणसं इंजिनाच्या सावलीत झोपत, आणि लिंबराज त्यांना बूट काढून बसायला सांगायचा. एका म्हाताऱ्या मेंढपाळाने त्याला शांतपणे विचारलं, "पायात बूट हाय का माझ्या, बाबा?" दुसऱ्या दिवशी लिंबराज पुन्हा तिथे हजर.

पुढे कारखान्याचं भंगार विकायचं ठरलं तेव्हा यादीत इंजिन पहिलं होतं. गॅस कटरवाले आले. लिंबराजला कुणीतरी सांगितलं, तो मला घेऊन गेला. त्याने भांडण केलं नाही. शिट्टी मागितली, ती मिळाली नाही, पितळेची होती. मग कटरवाल्याला एवढंच म्हणाला, "मागून कापा. तोंडाकडून नका कापू." ट्रक तोंडाच्या बाजूला लागलेला होता. त्यांनी तोंडाकडून सुरुवात केली. समोर भिंतीवर साहेब कोरड्या ठणठणीत हवेत, फेटा बांधून, तेच इंजिन चालवत होते. ठिणग्या उडून त्यांच्या चेहऱ्यावर चकाकत होत्या.

त्यानंतर काही वर्षांनी लिंबराजला लकवा मारला. उजवी बाजू गेली. वहिनी त्याला भरवायच्या, आणि तो डाव्या हाताने ताट ढकलायचा. आणि त्याच वर्षी पाऊस आला. असा आला की दुकानांत पाणी शिरलं. पाऊस उघडल्यावर लिंबराजने माझ्याकडे निरोप पाठवला, आणि मी जीप सांगितली. वहिनी म्हणाल्या, "न्या. पोरीला बघायला कधी गेले न्हाईत, भिंतीला बघायला निघालेत." त्यांनी त्याच्या अंगावर शाल टाकली. ती सत्कारातलीच होती.

भिंतीपुढे जीप उभी केली. साहेब गेले होते. फेटा नाही, मिशा नाहीत, कोट नाही. खिडकीतून माळरान दिसत होतं, लांबवर सिग्नल. इंजिन काल रंगवल्यासारखं काळं, त्याच्या त्या काळ्यात. आणि खिडकीच्या कडेला, दांड्यावर, एक हात होता. मनगटापर्यंत. पाचही बोटं, दोन अंगठ्या, घट्ट मूठ. माणूस नाही, नुसता हात गाडी चालवत होता.

मी लिंबराजकडे पाहिलं. त्याला बोलायला वेळ लागायचा. "हात… तैलरंगात काढलाय," तो म्हणाला. का बे, असं मी विचारलं. "वाफेचा दांडा हाय तो. धरल्यावर जरा वाकतो. मुठीशिवाय… खोटा दिसला असता." म्हणजे त्याने सगळा सूड नीट रचला होता, आणि एक दांडा बरोबर दिसावा म्हणून स्वतःच त्यात भोक पाडलं होतं. डाव्या हाताने शाल सावरून तो जरा पुढे वाकला. मग म्हणाला, "दांडा लई झकास झालाय." ती आमची शेवटची भेट.

दशक्रियेला नदीकाठी मांडव होता, कर्णा होता. फ्लेक्सवर वर शोकाकुल साहेब, खाली लिंबराज. भिंतीपुढचा जुना फोटो सापडला होता, त्यातलं इंजिन अंधारं दिसतं म्हणून फ्लेक्सवाल्याने कापलं होतं आणि तिथे नेटवरची बुलेट ट्रेन टाकली होती. पिंडाला कावळा शिवेना. तेव्हा साहेबांनी माईकवरून वचन दिलं, लिंबराजचं रेल्वेचं स्वप्न पूर्ण करू. कावळा बाभळीवरून हलला नाही. स्टेशनला त्याचं नाव देण्यासाठी पाठपुरावा करू, असं एक जण म्हणाला. नाही. मग साहेबांनी जाहीर केलं की लिंबराजची अजरामर कलाकृती पावसाने खराब झाली आहे, ती पुण्याहून कलाकार आणून पुन्हा उभी करू, या खेपेला वॉटरप्रूफ रंगात. भाषण संपलं, माईक बंद झाला, आणि कावळा आला. यातून मी काही अर्थ काढत नाही. कावळ्याला कर्ण्याचा त्रास होत असावा.

परवा त्या बाजूने गेलो होतो. कारखाना कुणीतरी भाड्याने घेतला आहे, निवडणूकही जवळ आहे. भिंतीला परांची लावली होती आणि एक तरुण पेंटर हातापासून सुरुवात करून वर निघाला होता. मूठ तयार होती, तिला बाही जोडून झाली होती, बाहीला खांदा फुटत होता. माळरान झाकलं गेलं होतं, सिग्नलचं टोक उरलं होतं. मला पाहून त्याने विचारलं, "काका, हा दांडा कसलाय? हा पुसला तर साहेब हात वर करून लोकांकडं हलवताना दाखवता येतील. चांगलं दिसेल."

मी ठोकून दिलं, तो ब्रेक आहे. पुसायचा असेल तर साहेबांना विचारून पुस, नाहीतर चालत्या गाडीचा ब्रेक काढला म्हणून विरोधक फोटो काढतील.

त्याने थोडा विचार केला. ब्रश दुसऱ्या डब्यात बुडवला आणि फेट्याला लागला. दांडा तसाच आहे, मुठीच्या वर किंचित वाकलेला.