उसनी ड्युटी

इस्पितळाच्या धुलाईघरात सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे; मुकादमसुद्धा, जो स्वतःच्या बायकोला "ए" अशी हाक मारायचा. बाई कामाला वाघ. ओल्या चादरींचा ढीग एकटी ओढून इस्त्रीच्या रोलरखाली घालायची आणि वर विचारायची, "झालं एवढंच?"

नवरा पाणीखात्यात फिटर होता. बसल्या जागी गेला. मागे राहिले अंथरुणाला खिळलेले सासरे आणि सरकारी पेन्शन. ती पेन्शन वहिनींच्या हाताला कधी लागलीच नाही म्हणा. मामंजींजवळ दिवसभर बसणाऱ्या बाईला ती सरळ जायची. ती बाई होती म्हणून वहिनी कामावर होत्या, आणि वहिनींच्या पगारावर घर चालत होतं. पेन्शनला अट एकच: वर्षाची कमाई ठरलेल्या आकड्याच्या वर जायची नाही. वहिनी ओव्हरटाइम म्हटलं की लांबूनच हात जोडायच्या.

आता धुलाईघरात एक जुनी रीत. ड्युटी उसनी द्यायची. आज मी तुझी करते, पुढे कधी तू माझी कर. त्या दिवसाचा पगार काम करणारीच्या नावावर पडायचा, पण जिची ड्युटी असेल तिच्या हातावर ती तो नेऊन ठेवायची. यंदा चिमणीला, सतत चिवचिव करते म्हणून चिमणी, सातव्या महिन्यात डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. तिची ड्युटी कुणी केली? वहिनींनी! पैसे दर वेळी चिमणीच्या उशाशी नेऊन ठेवले. यात आपली कमाई कुठे आली? त्यांच्या डोक्यातच आलं नाही. तुमच्या-माझ्या तरी आलं असतं का?

वर्षाचा आकडा ओलांडला आणि पेन्शन बंद झाली. कचेरीतला कारकून वाईट माणूस नव्हता, हेच तर दुखणं. वाईट असता तर चार शिव्या हासडून मोकळं तरी होता आलं असतं. त्याने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, पगार तुमच्या नावावर आहे. पुढे तो कुणाला दिलात, ते सरकार बघत नाही. आता पुढच्या वर्षी अर्ज करा. नाहीतर नोकरी सोडा, लगेच सुरू होईल."

"नोकरी सोडून खाऊ काय?"

त्याने पुढच्या वर्षीच्या अर्जाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

चिमणी बाळाला घेऊन आली, रड रड रडली. "तुमची एकेक ड्युटी फेडते हो मी," म्हणाली. फेड, बाई. पण ड्युटी फेडून पेन्शन थोडीच परत येते?

बसणाऱ्या बाईने महिनाभर फुकट काढलं. मग तिलाही पोट होतंच की.

सोमवारी सकाळी वहिनींनी मामंजींच्या हाताशी पाणी ठेवलं, झाकण सैल करून डबा ठेवला, अंगाखाली चादर दुहेरी घातली. शेजारीही सगळे कामावर जाणारे. दार नुसतं लोटावं की बंद करावं, त्यांना कळेना. उंबऱ्यात तशाच उभ्या राहिल्या.

"बाहेरून कुलूप लाव, पोरी," म्हातारा म्हणाला. "मी काय पळून जातोय होय?" आणि स्वतःच हसला.

वहिनींनी कुलूप लावलं. अर्धा जिना उतरल्या तोच आतून हाक आली, "सूनबाई!" मग पुन्हा एकदा, जरा घाबरलेली.

परत वर गेल्या असत्या तर त्यांचा पाय निघाला नसता. त्या उतरत राहिल्या.