शेवटची घागर

दुष्काळात ऊस जळाला, सहकारी कारखाना बंद राहिला, तेव्हा आष्टीकडच्या आमच्या वस्तीला टँकरचंच पाणी होतं. बाया सकाळीच घागरी रांगेत ठेवून कामाला जायच्या. घागर म्हणजेच ती बाई, असा रिवाज. पण टँकरचं पाणी पळवून विकणारी टोळी घरी पुरुष नसलेल्या एकट्या बायांच्या घागरी लाथेनं उडवायची.

मग तिथं एक म्हातारा येऊन बसायला लागला. गुप्त पोलिसांतून निवृत्त झालेला, एवढंच कळलं. आपली घागर तो कायम शेवटी ठेवायचा. नवी घागर आली की आपली आणखी मागं सरकवायचा. मग दाढी कुरवाळत रस्त्याकडं तोंड करून बसायचा.

एकदा टोळीचा म्होरक्या अंगावर धावून आला. म्हातारा जागचा हलला नाही.

"बस बे. म्हैनाभर तुज्या मागं हाय मी. पानी कुटं इकतो, समदं बगितलंय. दिसलो का कदी?"

म्होरक्यानं नकळत मागं वळून पाहिलं. पुन्हा तो वस्तीवर फिरकला नाही.

"चाचा, तुमाला भ्या न्हाई वाटत?" मी विचारलं.

"जलमभर तोंड लपवून नोकरी केली," तो हसला. "आता कुनाला तरी दिसावं वाटतं."

आता घरोघरी नळ आलेत. तरी कुठं रांग दिसली की माझी नजर आधी शेवटाला जाते.